अडगळीतून शाळेचा निधी
जुन्या वस्तूंचा बाजार कसा भरवावा?



घटस्थापना जवळ आली की आपल्याकडे घरोघर साफसफाई निघते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गोधड्या धुऊन वाळत पडतात, आणि दरवर्षीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, ह्या जुन्या वस्तूंचे करायचे काय? चालू सायकलीलाही भंगारवाला किलोचाच भाव करतो. साड्यांचा गठ्ठा बोहारीण एका पातेल्यावर घेऊन जाते. उरलेले सगळे परत माळ्यावर. पडीक रानासारखे ते वर्षभर तसेच पडून राहते.

दुसरीकडे गावची शाळा पाहा. समग्र शिक्षा योजनेतून जिल्हा परिषदेच्या शाळेला पटाप्रमाणे वर्षाचे अनुदान ठरलेले आहे. पट ३१ ते १०० असेल तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये, १०१ ते २५० असेल तर ५० हजार. त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता. मग वाचनालयाची पुस्तके, प्रयोगाचे साहित्य, खेळाचे सामान कशातून आणायचे? मास्तरांनी दरवेळी मोठ्या बागायतदारांच्या दारात उभे राहावे, हे त्यांनाही बरे वाटत नाही आणि गावालाही शोभत नाही.

म्हणून ह्या अंकात आम्ही एक साधा उपाय मांडत आहोत. वाटूर आणि आसपासच्या गावांनी मनावर घेतले तर तो सहज जमण्यासारखा आहे. गावाने आपल्या वापरात नसलेल्या, पण चांगल्या वस्तू शाळेला द्याव्यात, शाळेने त्यांचा एक दिवसाचा बाजार भरवावा आणि आलेला पैसा शाळेच्या कामी लावावा.

कल्पना नवी नाही

थोड्या थोड्यातून मोठे काम उभे करणे हे आपल्याला नवे नाही. पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांसाठी बायाबापड्यांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढून दिले, आणि लक्ष्मीबाईंनी तर स्वतःचे दागिने मोडले. आपला सहकार तरी दुसरे काय आहे? एकेकाचा शेअर लहानच असतो.

जुन्या वस्तू मांडून विकण्याची रीत परदेशातही आहे. अमेरिकेत लोक आपल्या अंगणातच असा बाजार मांडतात. १९८७ साली सुरू झालेला असा एक बाजार दर ऑगस्टमध्ये मिशिगनपासून अलाबामापर्यंत सुमारे अकराशे किलोमीटर रस्त्याच्या कडेने भरतो. आपल्या शाळांतून मुलांची आनंदनगरी भरते, मुले भजी-भेळ आणि भाजी विकतात, हे सर्वांनी पाहिले आहे. हा बाजार म्हणजे त्याचीच पुढची पायरी.

फुकट का वाटू नये?

कोणी म्हणेल, गरिबाला तशाच देऊन टाकाव्यात. २०१६ च्या सुमारास बऱ्याच शहरांतून ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली, ते काम चांगलेच होते. पण गावात गोष्ट वेगळी असते. इथे देणारा आणि घेणारा एकमेकांना रोज भेटतात. फुकट घेतलेल्या साडीची आठवण चारचौघांत निघाली तर ती अंगावर काट्यासारखी टोचते. दहा रुपये का होईना, मोजून घेतलेली वस्तू आपली असते. घेणारा मान वर करून घेतो, आणि वर त्याच्या दहा रुपयांनी शाळेलाही हातभार लागतो.

आपल्या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. चार-सहा महिने कोपीत काढायचे तर पातेली, बादल्या, ताडपत्री, गोधड्या असे सगळेच लागते. मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे डोक्यावरचे कर्जच. त्यातून नव्या भांड्याला तीन-चारशे घालवण्यापेक्षा चांगले जुने भांडे साठ रुपयांत मिळाले तर त्या घराला केवढा आधार! ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गाळपाला जातो, त्यांच्यासाठी एवढा विचार व्हायलाच हवा. म्हणून बाजाराचा दिवस ही कुटुंबे निघायच्या आत धरावा. सप्टेंबरअखेरचा रविवार सोयीचा. परतीच्या पावसाचा नेम नसतो, तेव्हा मांडणी मैदानात न करता वर्गांत आणि व्हरांड्यात करावी.

आधी ठराव, मग गोळाबेरीज

पहिले काम शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ह्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. पैसा कशासाठी हवा ते ठरावात नेमके लिहावे. ‘शाळेच्या विकासासाठी’ असे मोघम नको. ‘वाचनालयाची दोन कपाटे व पुस्तके’ असे लिहिले की लोकांना ते डोळ्यांपुढे दिसते. ग्रामपंचायतीलाही कळवावे. वस्तू देणे पूर्ण खुशीचे असावे. कोणत्या मुलाच्या घरून काय आले, काय नाही, ह्याचा वर्गात उच्चारही होता कामा नये.

वस्तू आठवडाभर आधी घ्याव्यात. प्रत्येक गल्लीसाठी, वस्तीसाठी दोन माणसे नेमावीत. ओझी मुलांच्या डोक्यावर देऊ नयेत. प्रत्येक वस्तूला नंबर द्यावा आणि वहीत नोंद करावी. देणाऱ्याचे नाव वहीतच राहू द्यावे, वस्तूवर चिकटवू नये.

काय घ्यावे? भांडी, बादल्या, धड कपडे, गोधड्या, सायकली, शिलाई मशीन, पाट्या-पुस्तके, खुर्च्या, शेतीची अवजारे. काय घेऊ नये? औषधफवारणीचे रिकामे डबे कितीही धुतलेले असोत, नकोत. गॅसच्या टाक्या, उघड्या वायरी, शिट्टी नसलेला कुकर, जुनी औषधे नकोत. मोटारसायकल नको, तिची कागदपत्रे नावावर करण्याची भानगड असते. पाण्याची मोटार किंवा केबल कोणी आणली तर मालकाची सही घेतल्याशिवाय ठेवून घेऊ नये. शेतावरून मोटारी चोरीला जातात, आणि चोरीचा माल शाळेत सापडला तर गावाची शोभा होईल.

किंमत आणि मांडणी

गावातला सायकलवाला, शिंपी आणि वायरमन ह्यांनी एक दिवस शाळेला दिला तर निम्मे काम झाले. नवी ट्यूब घातल्यावर सायकल भंगाराची न राहता चालती होते. दोन कोसांवरून पायी येणाऱ्या एखाद्या मुलीला तीच सायकल कामी येते.

किंमत दोघा-तिघांनी मिळून ठरवावी, त्यात एक तरी जाणती बाई असावी. भांड्यातले तिला कळते तितके पुरुषांना कळत नाही. धड वस्तूला नव्याच्या चौथाई ते तिहाई किंमत पुरे. आकडे १०, २०, ५०, १०० असे सरळ ठेवावेत आणि वस्तूवर चिठ्ठी लावावी. तांबे-पितळ त्या दिवशीच्या मोडीच्या भावाखाली विकू नये. शिलाई मशीन किंवा नांगर असे मोठे सामान असेल तर कमीत कमी बोली ठरवून लिलाव करावा. एक नियम मात्र कडक पाळावा. बाजार उघडण्याआधी कोणीही, विशेषतः काम करणाऱ्यांनी, चांगली वस्तू बाजूला काढून ठेवायची नाही.

त्या दिवशी गल्ला एकच असावा. एकाने पैसे घ्यावेत, दुसऱ्याने नंबर लिहावा, तिसऱ्याने पावती द्यावी. सुट्टे पैसे आधीच आणून ठेवावेत. मोबाईलवरून पैसे घ्यायचे तर ते शाळेच्या खात्यावर, कोणा एकाच्या खात्यावर नव्हे. सातवी-आठवीच्या मुलांना बेरजेला बसवावे, तेवढाच हिशेबाचा सराव. चहा-फराळाचा ठेला महिला बचत गटाकडे द्यावा. वाटूर फाट्यावर जालना, मंठा, परतूर अशी सगळीकडची माणसे उतरतात. तिथे एक फलक लावला तर बाहेरचे गिऱ्हाईकही येईल. घेणाऱ्यांचे फोटो मात्र काढू नयेत.

शेवटच्या तासात किंमत निम्मी करावी. तरीही उरले तर पुस्तके शाळेला, कपडे गोधड्यांना आणि लोखंड मोडीत. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांत मोडीच्या लोखंडापासूनच सळ्या होतात, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक कायम आहे.

समजा, दोनशे घरांनी दोन-दोन वस्तू दिल्या आणि वस्तूमागे सरासरी पन्नास रुपये आले, तर वीस हजार होतात. लहान शाळेच्या वर्षाच्या अनुदानाच्या जवळपास ही रक्कम जाते.

हिशेब हाच पाया

सगळ्यात महत्त्वाचे शेवटी सांगतो. हा बाजार वस्तूंवर चालत नाही, विश्वासावर चालतो. काट्यावर एक किलोचा फरक आला तरी सभासद जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. तीच नजर इथेही हवी. गल्ला त्याच संध्याकाळी पाच जणांसमोर मोजावा, आकडा शाळेच्या फळ्यावर लिहावा, दुसऱ्या दिवशी रक्कम बँकेत भरावी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत जमा वाचून दाखवावी. खर्च झाला की पुढच्या सभेत पावत्यांसह तोही वाचावा. एकदा का हिशेब अंधारात राहिला, की पुढच्या वर्षी कोणी फुटकी बादलीसुद्धा देणार नाही. तो चोख राहिला तर लोक आपण होऊन विचारतील, औंदा बाजार कधी?

तेव्हा माताभगिनींनी यंदा माळा आवरताना एक गठ्ठा शाळेसाठी वेगळा बांधून ठेवावा, आणि सभासदांनी आपापल्या गावच्या समितीत हा विषय काढावा, अशी आमची विनंती आहे. ज्या गावात असा बाजार भरेल, तेथील समितीने आपला जमाखर्च आमच्याकडे पाठवावा. आम्ही तो ह्याच पानावर आनंदाने छापू.