तलाव ओळखीचा, तळ अनोळखी

खांदशेकणीच्या दिवशी बैल धुवायला तुम्ही तलावावर जाताच. बैलामागे घरची पोट्टीही जातात. तलाव लहानपणापासूनचा पायाखालचा, त्याला भ्यायचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण यंदाचा तळ मागच्या वर्षीसारखाच आहे का, हे पाहिलं काय?

सन २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ शेतात जाऊ लागला. शेताला ते चांगलंच. पण पोकलेनने जिथे उभा खड्डा पाडला, तिथे पावसाळ्यात वरून काही दिसत नाही. गुडघाभर पाण्यात चालणारं पोरगं पुढच्या पावलाला डोक्यावरून पाण्यात जातं. कड निसरडी, धरायला काही नाही. म्हणून तलाव भरण्याआधी, मे महिन्यातच, सरपंच आणि पोलीस पाटलांनी तळातून एक फेरी मारावी. खड्ड्याच्या कडेला उंच बांबू रोवून लाल फडकं बांधावं. याला काही अंदाजपत्रक लागत नाही! शिंगाड्याचे वेल असलेली बाजूही पोहायला नको. पाय अडकला की पट्टीचा पोहणाराही थकतो.

आता हवेचं. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे गेला की जो तो पाण्याकडे धावतो. याच दिवसांत दुपारनंतर आभाळ काळं होऊन वारा सुटतो. खिंडसी, तोतलाडोह यांसारख्या मोठ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला झाड ना टेकडी; पाहता पाहता लाटा उठतात. पहिला गडगडाट ऐकला की पाण्याबाहेर, मग मासेमारीचं जाळं टाकलेलं का असेना.

नावेचा अनुभव तर आपल्या भागाला फार कडू आहे. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात ११ जणांची नाव उलटली, ८ जण गेले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव बुडून ११ जणांचा जीव गेला. ते सारे नात्यातले. नावेत माणसं जास्त झाली, किंवा सगळी एका अंगाला उभी राहिली, की ती कलंडते. जॅकेट नसेल तर ‘चला, बसा’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. तो रागावला तर रागावू द्या.

कोणी बुडताना दिसला तर अंगावर उडी घेऊ नका. तो गळ्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात. दोर, धोतर, लुगडं, बूच लावलेली रिकामी कॅन, ट्यूब, जे हाती असेल ते फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगून गरगर फिरवणं, पोट दाबणं बंद करा. त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोराने ३० दाब आणि दोन श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसातलं पाणी पुढे काही तासांनीही त्रास देतं.