बोटांना आधी कळतं

टेबलावरच्या कपाकडे हात निघतो, तेव्हा कप अजून दूर असतानाच बोटं उघडू लागतात. फ्रेंच संशोधक मार्क जानरो यांनी १९८०च्या दशकात ही हालचाल चित्रित करून बारकाईनं मोजली. हालचालीचा साधारण दोन तृतीयांश वेळ सरला की अंगठा आणि तर्जनी सर्वांत जास्त फाकतात, वस्तूच्या रुंदीहून थोडी अधिकच, आणि मग मिटत येतात. वस्तू मोठी तर फाक मोठी. स्पर्श होण्याआधीच माप घेऊन झालेलं असतं!

हे माप कुणी घेतलं? डोळ्यांनी, असं आपण सहज म्हणू. पण १९८८ साली कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनं एका स्त्रीच्या मेंदूला इजा झाली. संशोधनात तिला ‘डी. एफ.’ म्हणतात. तिला रंग दिसत, पोत कळे, पण वस्तूचा आकार काही केल्या ओळखता येईना. मेंदूचे अभ्यासक डेव्हिड मिल्नर यांनी तिच्यासमोर पेन्सिल धरली. ती उभी की आडवी, हे तिला सांगता आलं नाही. पण पेन्सिल घ्यायला तिनं हात पुढे केला आणि अचूक पकडली!

मग मिल्नर आणि त्यांचे सहकारी मेल्विन गुडेल यांनी तिच्यापुढे तिरकी फट असलेली चकती ठेवली. हातातलं कार्ड फटीइतकंच तिरकं धरून दाखव म्हटलं की तिचा अंदाज चुके. कार्ड फटीत टाक म्हटलं की मनगट वाटेतच बरोबर वळे. ही हकीकत मला थक्क करते. जे तिला दिसत नव्हतं, ते तिच्या हाताला ठाऊक होतं.

मेंदूच्या मागच्या भागातून दृष्टीच्या दोन वाटा फुटतात, असं या दोघांनी १९९२ मध्ये मांडलं. खालची कानशिलाकडे जाते, ती वस्तू ओळखते. वरची माथ्याकडे जाते, ती हात चालवते. डी. एफ.ची खालची वाट तुटली होती. उलट प्रकार हंगेरीचे डॉक्टर रुडॉल्फ बालिंट यांनी १९०९ मध्येच नोंदवला होता: रुग्णाला वस्तू ओळखू येई, पण उजवा हात तिच्यापर्यंत नीट पोचत नसे.

या वाटा अगदी वेगळ्या आहेत का, यावर वाद आहे. माझ्या मते त्यांना एकमेकींची गरज पडतेच. रोजच्या वापरातली अवजारं डी. एफ. सफाईनं उचलायची, पण पुष्कळदा भलत्याच टोकाला धरून. कुठून धरलं म्हणजे अवजार वापरता येईल, हे ते ओळखल्याशिवाय कळणार कसं?