ऊर्जा-तपासणीचा कागद हाती आला. आता पुढे काय?

विहिरीवरून पाणी भरून आणलेली घागर खालून गळत असेल, तर शहाणी गृहिणी दुसरी मोठी घागर विकत घेत नाही. ती आधी गळती शोधते, ती लाख लावून बुजवते आणि मगच पुन्हा विहिरीवर जाते. घरातील वीज, गॅस व सरपण यांचेही असेच आहे. आपण बिल वाढले की सरकारला, वीज कंपनीला आणि महागाईला दोष देतो. पण आपली घागर कोठे गळते ते पाहत नाही.

ही गळती शोधण्याच्या कामाला ऊर्जा-तपासणी म्हणतात. कारखाने, मोठी रुग्णालये आणि वसतिगृहे यांत ती बरीच वर्षे होत आली आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर २००२ मध्ये केंद्र सरकारने ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन केला. परीक्षा उत्तीर्ण होऊन या ब्यूरोचे प्रमाणपत्र मिळविलेले ऊर्जा-तपासनीस आता आहेत. शेतकऱ्याच्या घराला मोठी तपासणी लागत नाही. चार-पाच घरांनी मिळून जाणकार माणूस बोलाविला, तरी एका दिवसात काम होते.

तपासनीस काय करतो? मागील वर्षाची बिले पाहतो. चिमट्यासारखे मीटर तारेला लावून कोणते उपकरण किती वीज ओढते ते मोजतो. उष्णता दाखविणाऱ्या कॅमेऱ्यातून स्विचबोर्ड व वायरींचे सांधे तपासतो. शेवटी एक तक्ता देतो: उपकरण, वॅट, रोजचे तास, महिन्याची युनिटे, सुचविलेली सुधारणा, खर्च, आणि तो खर्च किती दिवसांत भरून निघेल. पुष्कळ घरांत हा तक्ता कपाटात पडून राहतो. त्याचे काय करावे, तेच आज पाहू.

तक्ता वाचावा कसा?

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट. एवढे ध्यानात ठेवले की तक्ता समजतो. समजा, खानापूरकडच्या पाच माणसांच्या एका घराचा महिन्याचा हिशेब असा आहे:

गोठा, पडवी, न्हाणी व माजघर येथील जुने ६० वॅटचे चार बल्ब, रोज पाच तास: ३६ युनिटे.
७५ वॅटचे तीन जुने पंखे, रोज दहा तास: ६७ युनिटे.
अंघोळीचे पाणी विजेवर तापविणे: ७० युनिटे.
जुना फ्रिज: ४५ युनिटे.
टीव्ही व त्याची पेटी: १६ युनिटे.

एकूण २३४ युनिटे. दोष एकट्या फ्रिजवर जातो. पण खरी मोठी रक्कम पंखे आणि अंघोळीचे पाणी यांत आहे. २० लिटरची एक बादली २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवावयास जवळजवळ अर्धे युनिट लागते. पाच माणसांच्या पाच बादल्या, महिन्याचे तीस दिवस. आपणच गुणाकार करून पाहावा.

तक्त्यात सुधारणा पैशाच्या क्रमाने लिहिलेल्या असतात. जिचा खर्च लवकर वसूल होतो ती वर, उशिरा होतो ती खाली. कारखान्याला हा क्रम ठीक आहे. घराचा क्रम मात्र वेगळा असावा: आधी जीव, मग गळती, मग खरेदी, आणि सर्वांत शेवटी छपरावरचे सौर पॅनेल.

आधी जीव

तपासनिसाने एखादा सांधा किंवा प्लग तापतो असे लिहिले असेल, तर त्याच आठवड्यात वायरमन बोलवावा. ढिला सांधा वीज वाया घालवतोच, पण आगही लावतो. घराला चांगले अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच असावा. पाणी तापवावयाची कॉइल वापरणाऱ्यांनी आधी ती पाण्यात बुडवावी, मग बटण दाबावे. पाण्याला हात लावण्यापूर्वी बटण बंद करून प्लगही काढावा. लहान मुलांना त्या बादलीजवळ फिरकू देऊ नये.

दुसरी गोष्ट चुलीची. वीज-मीटर धूर मोजत नाही, म्हणून बिलात तो दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. लहान मुलांचा न्यूमोनिया, स्त्रियांचा जुनाट दमा-खोकला, मोतीबिंदू, हृदयविकार व पक्षाघात यांच्याशी या धुराचा संबंध आहे. आई चुलीपाशी बसते आणि तान्हे मूल तिच्या मांडीवर असते. दोघांच्या छातीत तोच धूर जातो.

तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी दहाच्या आसपास भाग भांड्याला लागतात. बाकीची उष्णता वाया जाते. म्हणजे जंगलातून डोक्यावर आणलेल्या दहा मोळ्यांपैकी एकच मोळी भात शिजविते. सुधारलेली चूल सरपण वाचविते, आणि तिला धुराडे असले की धूरही घराबाहेर जातो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राने अशीच ‘अस्त्र ओले’ तयार केली. कानडीत ओले म्हणजे चूल, हे आपल्या भागात सांगावयास नको. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींची देशव्यापी योजनाही चालविली. त्यांतील कितीतरी चुली पुढे मोडल्या किंवा वापरातून गेल्या, कारण धुराडे साफ कोणी करावे आणि फुटलेला भाग कोणी दुरुस्त करावा हे ठरलेले नव्हते. चूल बांधली म्हणजे काम संपले असे नाही. काजळी महिन्यातून एकदा काढली पाहिजे.

घरात गॅस असूनही न्हाणीतली चूल आणि गुरांच्या आंबोणाची चूल पुष्कळ ठिकाणी तशीच असते. निदान ती तरी राहत्या खोलीपासून दूर, मोकळ्या पडवीत न्यावी. सरपण वाळलेले वापरावे. ओले लाकूड आधी स्वतःतले पाणी उडविते, मग आपले पाणी तापविते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. परदेशात राहणारे आपले नातलग सांगतात की, तेथे तपासनीस दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घराच्या फटी शोधतो व त्या बंद करवितो. थंड मुलुखात घर उबदार ठेवण्यावर मोठा खर्च होतो, म्हणून तेथे ते योग्य आहे. आपल्याकडे ज्या खोलीत चूल, शेगडी किंवा गॅस जळतो, त्या खोलीची झरोके-खिडकी कधीही बुजवू नये. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. गॅसचा गिझर न्हाणीच्या आत बसवू नये. तो बाहेर, उघड्यावर असावा.

मग गळती

पुढील कामांना पैसा लागत नाही, किंवा फार थोडा लागतो.

१. टीव्ही रिमोटने बंद केला तरी त्याची पेटी सुमारे १० वॅट ओढीत राहते. भिंतीवरचे बटण बंद करावे. महिन्याला सहा युनिटे वाचतात.

२. फ्रिजच्या दारात कागद अडकवून दार लावावे. कागद सहज निसटला तर दाराचे रबर गेले असे समजावे व ते बदलावे. फ्रिज भिंतीपासून वीतभर दूर असावा. गरम आमटीचे भांडे आत ठेवू नये.

३. गॅसची ज्योत निळी असावी. पिवळी दिसली आणि भांडे काळे होऊ लागले, तर बर्नरची भोके साफ करावीत. कडधान्य रात्री भिजत घालावे, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी आली की आच कमी करावी. उकळते पाणी मोठ्या आचेवर अधिक गरम होत नाही. ते केवळ वाफ होऊन उडून जाते.

४. अंधाऱ्या माजघरात दिवसा बल्ब जळत असेल, तर मंगळुरी कौलांत एक-दोन काचेची कौले बसवावीत. स्लॅबचे घर असेल, तर उन्हाळ्याच्या तोंडाला गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरी गच्ची ऊन परत फेकते आणि खालच्या खोलीतील उष्मा कमी होतो. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी राज्याचे धोरणच जाहीर केले.

मग खरेदी

आता वरच्या घराचा हिशेब पुढे नेऊ. ६० वॅटच्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी बल्ब जवळजवळ तितकाच उजेड देतो. चार बल्ब बदलले की ३६ युनिटांची साडेपाच होतात. युनिटचा दर सहा रुपये धरला, तर शंभर रुपयांचा बल्ब अडीच महिन्यांच्या आत स्वतःची किंमत फेडतो.

जुना पंखा ७५ वॅट घेतो, तर नव्या बीएलडीसी मोटारीचा पंखा सुमारे ३०. रोज दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिटे वाचतात. असा पंखा तीन हजारांना पडला, तर खर्च वसूल होण्यास तीन वर्षे लागतात. म्हणून सर्व पंखे एकदम बदलू नयेत. जे सर्वांत जास्त चालतात ते दोन आधी बदलावेत, पाहुण्यांच्या खोलीतला तसाच राहू द्यावा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले आहे. घेताना तारे पाहावेत. फ्रिजचेही तसेच. चालू फ्रिज घाईने विकू नये. तो मोडेल तेव्हा जास्त ताऱ्यांचा घ्यावा.

पेटीची सहा, बल्बची तीस आणि दोन पंख्यांची सत्तावीस, अशी ६३ युनिटे वाचली. २३४ वरून हे घर १७१ वर आले. कोणाच्या सुखात काही उणे झाले नाही.

शेवटी ऊन

पाच माणसांच्या घराला १०० लिटरचा सौर बंब साधारणपणे पुरतो, आणि उन्हाच्या दिवसांत अंघोळीच्या पाण्याची वीज जवळजवळ सर्वच वाचते. आपल्या घाटमाथ्याच्या पावसात मात्र तो महिनोन् महिने झाकोळलेला राहील, हे धरूनच हिशेब करावा.

छपरावरच्या सौर पॅनेलांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅटचे पॅनेल महिन्याला साधारण १०० ते १२० युनिटे देते. आता पाहा: २३४ युनिटांना दोन किलोवॅटही जेमतेम पुरतात. गळती बुजवून, सौर बंब बसवून घर शंभराच्या जवळ आले, तर उन्हाच्या महिन्यांत एकच किलोवॅट भागवतो. आधी पॅनेल आणि मग काटकसर केली, तर गळक्या घागरीसाठी मोठी विहीर खणल्यासारखे होते.

शंका-समाधान

*कर्नाटकात २०० युनिटांपर्यंत वीज फुकट मिळते. मग काटकसर कशाला?* २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या आधीच्या सरासरीवरून ठरली. तिच्यावरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात, आणि महिन्याचा वापर २०० च्या वर गेला तर पूर्ण बिल भरावे लागते. वरच्या उदाहरणातील २३४ आणि १७१ यांतील फरक म्हणूनच मोठा आहे.

*पंखा हळू केला तर वीज वाचते का?* जुन्या मोठ्या डबीच्या रेग्युलेटरमध्ये फार वाचत नाही. ती उष्णता होऊन डबीतच जाते. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वाचते.

*सुधारणा झाली हे कळावे कसे?* महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहावा. तुलना मागच्या महिन्याशी नव्हे, तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. मे महिन्याचे पंखे आणि डिसेंबरचे गरम पाणी यांची तुलना होत नाही.

नाताळच्या आधी आपण घराला चुना काढतो, भांडी घासतो, कौले शाकारतो. त्याच आठवड्यात धुराड्याची काजळी काढावी, फ्रिजच्या दारात कागद अडकवून पाहावा आणि तपासणीचा कागद पुन्हा एकदा बाहेर काढावा. कामाला सुरुवात मात्र मीटरपासून न करता आईच्या खोकल्यापासून करावी.