पाण्यात उभे झाड का कोमेजते?

केदारखेड्यासारख्या जालना जिल्ह्यातील गावी, काळ्या रानात कपाशी करणाऱ्यास एक चमत्कारिक प्रकार ठाऊक असतो. पावसाने दीर्घ ताण द्यावा, मग एकाएकी कोसळून रानात पाणी साचवावे, आणि ऊन पडताच बोंडांनी लगडलेल्या झाडांनी माना टाकाव्यात. याला ‘आकस्मिक मर’ म्हणतात. हा बुरशीचा रोग नव्हे. मग पाण्यात उभे झाड कोमेजते कसे?

उत्तर पेशीत आहे. कोवळे पान ताठ राहते ते पाण्याच्या दाबाने. पेशीतील रसात क्षार व शर्करा विरघळलेल्या असतात; अशा रसाकडे पातळ पटलातून बाहेरचे पाणी ओढले जाते. हेच परासरण. काकडीला मीठ लावले की उलट घडते. पाणी सुटून फोडी मऊ पडतात. आत शिरलेले पाणी पेशीच्या भिंतीवर रेटा देते. हा दाब मोटारीच्या टायरातील दाबाच्या दोन-तीन पटही असतो. परासरणाचा दाब विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने सच्छिद्र भांड्यात कृत्रिम पटल बसवून मोजला, आणि ते संशोधन १८७७ साली प्रसिद्ध केले.

आता कपाशीकडे वळू. साचलेले पाणी मातीतील हवा हुसकून लावते. प्राणवायूवाचून मुळांच्या पेशींतील पाण्याच्या सूक्ष्म वाटा मिटतात. वर ऊन पानांतून पाणी उडवीतच असते. खालून भरपाई होत नाही. दाब उतरतो, पान लोंबते. म्हणून चर काढून साचलेले पाणी तातडीने बाहेर काढणे आणि वाफसा येताच माती मोकळी करणे, हाच येथे पहिला उपाय होय.