देवळ्यात एकरी ५० हजार रुपयांनी सौर प्रकल्पाला जमीन द्यायची, पण या धंद्यात शेतकऱ्याचा वाटा किती?

वर्षाला एकरी ५० हजार रुपये. कांद्याचं रोप टाकायचं नाही, लागवडीला मजूर शोधायचे नाहीत, उमराण्याच्या मार्केटला ट्रॅक्टर लावून भावाकडे डोळे लावून बसायचं नाही. जमीन फक्त भाड्याने द्यायची आणि तिच्यावर सोलर पॅनल उभे राहणार.

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा म्हणजेच आपल्या कसमादे पट्ट्यात गेल्या काही वर्षांत ही चर्चा चांगलीच रंगलीय. आणि देवळा तालुक्यात ती रंगणारच. गिरणेच्या काठचं लोहोणेर, विठेवाडीकडचं शिवार एकवेळ ठीक, पण पूर्वेकडे सरकलं की पाऊस कमी, विहिरी खोल आणि जमीन बरड. चणकापूरच्या वाढीव कालव्याचं पाणी शेवटपर्यंत पोहोचावं म्हणून इथल्या गावांना वर्षानुवर्षं वाट बघावी लागलीय. अशा माळावर वर्षाला ५० हजार मिळत असतील तर नाही कोण म्हणणार?

पण हे पैसे येतात कुठून, आणि जो प्रकल्प उभा राहतो त्याची खरी कमाई कुणाकडे जाते?

आधी योजना समजून घेऊ

शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळायची, हे गावाकडच्या कुणालाही सांगायला नको. नाशिक जिल्ह्यात बिबट्याचा वावर वाढल्यापासून रात्री बाऱ्यावर जाणं म्हणजे जीव मुठीत धरून जाणं झालं. दिवसा वीज द्या, ही मागणी त्यातूनच जोर धरत गेली.

त्यासाठी राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. पहिल्या टप्प्यात काम रखडत चाललं. मग २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा, म्हणजे २.० आला आणि गाडी पळायला लागली. मार्च २०२४ मध्ये एका झटक्यात ९ हजार मेगावॉटपेक्षा जास्त क्षमतेचे प्रकल्प कंपन्यांना दिले गेले. पुढे उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटवर नेलं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात धोंदलगावला या टप्प्यातला पहिला प्रकल्प सुरू झाला, तो ३ मेगावॉटचा.

यातली कल्पना सोपी आहे. गावाजवळ महावितरणचं ३३/११ केव्ही उपकेंद्र असतं. तिथून गावठाणाचा फीडर वेगळा निघतो आणि शेतीचा वेगळा. उपकेंद्राच्या जवळच सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज तिथेच जोडायची आणि शेतीच्या फीडरला दिवसा सोडायची. वीज लांबून आणावी लागत नाही, त्यामुळे वाटेत गळती कमी.

यात महावितरणचा फायदाही आहे. शेतकऱ्यापर्यंत वीज पोहोचवायला युनिटमागे ७-८ रुपये लागतात, असं सरकारच सांगत आलंय. या प्रकल्पांची वीज मिळते साधारण ३ रुपयांच्या आसपास. २०१०-११ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता, यावरून किती फरक पडलाय ते लक्षात येईल. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं मोफत वीज द्यायचं सरकारने जाहीर केलंय. ती वीज कुठूनतरी स्वस्तात आणावीच लागणार होती.

५० हजारांचं गणित

योजनेत जमिनीचा दर हेक्टरला वर्षाला १ लाख २५ हजार रुपये किंवा रेडीरेकनरच्या किमतीच्या ६ टक्के, यातली जास्त असेल ती रक्कम. एकरी साधारण ५० हजार. त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ.

इथे एक शब्द नीट वाचायला हवा. वाढ 'सरळ पद्धतीने' आहे. म्हणजे चक्रवाढ नाही, पहिल्या वर्षीच्या रकमेवरच ३ टक्के. एकरी दरवर्षी दीड हजार रुपये वाढतात. पहिल्या वर्षी ५० हजार, पंचविसाव्या वर्षी ८६ हजार. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर त्या ८६ हजारांची किंमत आजच्या २६-२७ हजारांएवढी उरते. आज तिशीत असलेल्या माणसाने सही केली तर करार संपेपर्यंत तो पंचावन्नच्या पुढे गेलेला असेल.

आता दुसरी बाजू. १ मेगावॉटला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. आपल्याकडच्या उन्हात त्यातून वर्षाला १६ लाख युनिटच्या आसपास वीज धरता येते. ३ रुपयांनी ती विकली तर ४८ लाख रुपये होतात. त्यातून जमीनमालकाला मिळतात सव्वादोन-अडीच लाख. म्हणजे शंभरातले पाचेक रुपये.

हे वाचून लगेच लूट झाली म्हणायची गरज नाही. प्रकल्पाला मेगावॉटमागे साडेतीन-चार कोटी खर्च येतो, केंद्राचं अनुदान वजा केलं तरी कर्ज असतं, व्याज असतं, देखभाल असते. जोखीम कंपनी घेते. पण ही गुंतवणुकीची संधी आहे असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा शेतकरी त्यात गुंतवणूकदार नसतो, भाड्याने जागा देणारा असतो, एवढं तरी स्पष्ट असायला हवं.

आणि तरीही हे भाडं कांद्यापेक्षा बरं वाटू शकतं. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली, ती उठली मे २०२४ मध्ये. उरलेलं २० टक्के शुल्क जायला एप्रिल २०२५ उजाडलं. चाळीत कांदा सडवलेल्या माणसाला महिन्याला एकरी चार हजार रुपये पक्के मिळणार असतील, तर त्याला शहाणपण शिकवायला जाऊ नये. बागायती जमिनीचं गणित मात्र वेगळं आहे. विहिरीला पाणी असलेली काळी जमीन यात घालायची की नाही, यावर घरात दहादा बोलणं व्हावं.

भाडं आणि भूसंपादन यात फरक आहे

सटाणा, ताहाराबाद मागे टाकून सेलबारीच्या घाटातून पलीकडे उतरलं की धुळे जिल्हा लागतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग दिसते, साक्रीजवळच्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. ऊर्जा प्रकल्प या भागाला नवे नाहीत.

याच जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली होती. मोबदला मिळाला सुमारे ४ लाख. योग्य भाव मागत ते वर्षानुवर्षं हेलपाटे मारत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात त्यांनी विष घेतलं आणि २८ जानेवारीला ते गेले. ८४ वर्षांचे होते.

भाडेपट्ट्यात जमिनीची मालकी जात नाही, सातबारावरचं नाव तसंच राहतं. हा मोठा फरक आहे. पण २५ वर्षं आणि त्याहून जास्त चालणारा करार असतो, तेव्हा त्यात काय लिहिलंय याला मालकीइतकंच महत्त्व येतं. भाडं कोण देणार, कोणत्या तारखेला, उशीर झाला तर व्याज किती? कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर जबाबदारी कुणाची? पॅनल धुवायला लागणारं पाणी कुणाच्या विहिरीतून जाणार? उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या गावात हा प्रश्न फुकटचा नाही. करार संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण काढणार? आणि जमीन मधेच मागितली तर?

शिवाय योजनेत बोजा नसलेली जमीन लागते. सोसायटीचं किंवा जिल्हा बँकेचं कर्ज सातबारावर असेल, भावाभावात वाटणी झालेली नसेल, तर तिथेच अडतं. देवळ्यासारख्या तालुक्यात असे सातबारे कमी नाहीत.

सरकारी जमिनीचाही एक मुद्दा आहे. योजनेत ती आधी बघितली जाते आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बऱ्याचदा गायरान. तिथे गावाची गुरं, मेंढपाळांच्या मेंढ्या चरतात. राज्यात अनेक ठिकाणी यावरून विरोध झालाय. प्रकल्प आलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं पैसे मिळण्याची तरतूद आहे. ते कशावर खर्च होणार, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

शेतकरी स्वतः मालक होऊ शकतो का?

कागदावर हो. केंद्राच्या पीएम कुसुम योजनेचा 'अ' घटक त्यासाठीच होता. शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी यांनी आपल्या जमिनीवर अर्धा ते २ मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा आणि वीज महावितरणला विकायची. मुदत वाढवत मार्च २०२६ पर्यंत नेली. यापुढे कुणी यात उतरत असेल तर पुढचे नियम बघूनच उतरावं.

अडचण भांडवलाची. अर्ध्या मेगावॉटला पावणेदोन-दोन कोटी लागतात. त्यातले ३० टक्के स्वतःचे धरले तर ६० लाख. एकट्याला अशक्य, साठ जणांनी एकेक लाख घातले तर शक्य. शेअर गोळा करून मोठं काही उभं करणं देवळ्याला माहीत नाही असं नाही, विठेवाडीचा वसाका साखर कारखाना असाच उभा राहिला होता. तो पुढे आर्थिक अडचणीत आला, बंद पडला, भाड्याने चालवायला गेला, हेही तालुक्याने पाहिलंय. त्यामुळे शेअरचे पैसे म्हटलं की लोक हात आखडता घेतात, आणि त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही. फक्त सौर प्रकल्पात उसाची पळवापळवी नसते, गिऱ्हाईक एकच आणि दर आधीच ठरलेला. बँकेला हप्ता किती जाणार हे पहिल्या दिवशी कळतं.

फोन आला तर

मोबाइल टॉवर बसवून देतो म्हणून जमिनीचे कागद आणि फीचे पैसे उकळणारे लोक होते, तेच आता सोलरच्या नावाने फोन करतात. कुसुम पंपांच्या बनावट वेबसाइटबद्दल सरकारी यंत्रणांना वारंवार सावध करावं लागलंय. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर सातबारा, आधार आणि पैसे टाकू नका.

खरी गोष्ट तपासायला फार लांब जावं लागत नाही. खासगी जमीन उपकेंद्राच्या ५ किलोमीटरच्या आत असावी लागते. पण प्रत्येक उपकेंद्रात किती मेगावॉट जोडता येतील याला मर्यादा आहे. ती भरली की अगदी एक किलोमीटरवरची जमीनही कुणी घेत नाही. म्हणून एजंटशी दराचं बोलण्याआधी आपल्या उपकेंद्रात किती क्षमता शिल्लक आहे, तिथलं काम कुणाला दिलंय, हे महावितरणच्या देवळ्यातल्या कार्यालयात विचारून घ्यावं. लेखी विचारलं तर आणखी चांगलं.