पट घटला की शिक्षकही घटतात

गटाच्या मासिक बैठकीत आम्ही कर्जाच्या मागण्या लिहून घेतो. कारणाच्या रकान्यात बियाणं, दवाखाना असतंच. हल्ली त्यांच्या जोडीला ‘शाळेची फी, गाडीभाडं’ वारंवार येतं. गावात जिल्हा परिषदेची शाळा असताना कर्ज काढून बाहेर का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : “तिथं शिकवतात कुठं?”

हे म्हणणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीसाठी त्यातला मूळ हिशेब असा : ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन. आता बघा, पट ६१ वरून ५९ वर आला, म्हणजे फक्त दोन मुलांची नावं निघाली, तर तिसऱ्या शिक्षकाचं पद धोक्यात येतं. ते गेलं की दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. त्यातला एक तालुक्याला मीटिंगला गेला की पाचही वर्ग एकाकडे. मग शिकवणं ढिलं पडतं, ते बघून आणखी चार घरं मुलं काढतात. विहिरीचं पाणी उपसलं जातंय आणि झरा बुजतोय, तसं हे आहे.

पट वीसच्या खाली गेला तर शाळेचाच प्रश्न येतो. २०२३ मध्ये शिक्षण विभागानं अशा शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार मांडला, तेव्हा राज्यात १४ हजारांहून जास्त शाळा या यादीत निघाल्या. शाळा लांब गेली की मुलाला गाडीवर बसवून पाठवतील. मुलीचं काय होईल, ते आपल्याला सांगायला नको.

इंग्रजी शाळेत घालूच नका, असं आम्ही म्हणत नाही. पण टाय-बूट बघून ठरवू नका. तिसरीतल्या पोराला दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या, हातच्याची एक वजाबाकी घाला. गावातल्या शाळेचं पोर आणि गाडीनं जाणारं पोर, दोघांनाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही पोर अडखळतंय का, ते ऐकून कळतंच.

अडखळत असेल तर विचारायची जागा शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका हव्यात, असा कायदा आहे. बऱ्याच गावांत आपली नावं कागदावर असतात आणि सह्या घरी येतात. तशी सही करू नका. बैठकीला गटातल्या दोघीतिघी मिळून जा आणि एवढंच विचारा : कोणत्या वर्गातल्या किती मुलांना वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी रोज किती वेळ देता?

शिक्षकांची पदं ठरवताना सप्टेंबरअखेरचा पट धरतात. म्हणून मूल परत आणायचं ठरलं तर नाव जूनमध्येच घाला. आधीच्या शाळेनं दाखला अडवून धरला, तरी त्यापायी सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.