जेवणासाठी मुक्काम

दक्षिण फ्रान्सच्या आडगावांत, चर्चपुढच्या चौकात किंवा नदीच्या पुलाशेजारी, एक जुनी दगडी इमारत हमखास असायची. नशीब चांगलं असलेल्या गावांत ती अजूनही आहे. खाली बार आणि जेवणाची खोली, मागे स्वयंपाकघर, वर दहा-बारा खोल्या, खिडक्यांना लाकडी झडपा. नावंही ठरलेली: 'होतेल द फ्रान्स', 'होतेल दे व्हॉयाजर', 'होतेल द्यु पाँ'. मालक बहुधा स्वतः स्वयंपाकाला उभा असतो. मालकीण बाहेरचं सगळं बघते: किल्ल्या, टेबलं, वाइन, हिशेब, आणि कोणत्या पाहुण्याशी किती बोलायचं हेसुद्धा. सासूबाई चादरी-नॅपकिनांच्या इस्त्रीला, मुलगी सुट्टीत घरी आली की सकाळच्या नाश्त्याला.

इथं माणूस जेवायला येतो, आणि जेवून उठल्यावर त्याला अंधारात डोंगरातली वळणं घेत परत जावं लागू नये म्हणून वर खोली असते. घरानं पैसा कुठं घातला आहे ते पाहिलं की हे लगेच ध्यानात येतं. खोलीतला लोडासारखा लांबट उशीचा पलंग, भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद, जिन्यातला थोड्या वेळानं आपोआप विझणारा दिवा, हे सगळं मालकाच्या वडिलांच्या काळचं असू शकतं. खालची शेगडी, तळघरातली वाइन आणि टेबलावरचं पांढरंशुभ्र सुती कापड यांत मात्र हयगय होत नाही. हा क्रम मला मनापासून पटतो. न्हाणीघरातले नळ जुने असले तर चालतील. सूप पाकिटातलं असेल तर त्या घरात राहण्यात काही अर्थ नाही.

वाटसरूची सोय करण्याची रीत इथल्या काही भागांत फार जुनी आहे. ओब्राकचं पठार हजार-तेराशे मीटर उंचीवरचा उघडा माळ. ल प्युई गावाहून स्पेनमधल्या सांतियागोकडे जाणारी यात्रेकरूंची वाट त्यावरून जाते. ११२०च्या सुमारास आदालार नावाच्या एका फ्लेमिश सरदारानं या माळावर मठ आणि धर्मशाळा उभारली. धुक्यात, हिमवादळात वाट चुकलेल्यांना दिशा कळावी म्हणून मठाची घंटा वाजवत ठेवायचे. दाराशी आलेल्या यात्रेकरूंना मठातले साधू पाव आणि ताजं चीज एकत्र शिजवून वाढत. पुढं पावाच्या जागी बटाटा आला आणि त्याचंच आलिगो झालं, असं तिथले लोक सांगतात.

पण रस्त्याकडेच्या खासगी खाणावळींची, म्हणजे ओबेर्जची, कीर्ती अशी नव्हती. आर्देशच्या डोंगरातल्या पेरबेय इथल्या ओबेर्जचा मालक, त्याची बायको आणि त्यांचा नोकर यांना खुनाच्या आरोपाखाली १८३३ साली त्यांच्याच घरासमोर गिलोटिनवर चढवलं. लोकांनी पुढं त्या एका गुन्ह्यात डझनावारी खून मिसळले आणि 'लाल ओबेर्ज' ही दंतकथा झाली. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ साली मोदेस्तीन नावाच्या गाढविणीला घेऊन सेव्हेनच्या डोंगरांतून चालत गेला, तेव्हा त्यानं झोपण्यासाठी खास एक पिशवी शिवून घेतली होती, कारण रात्री छप्पर मिळेलच याची खात्री नव्हती. मिळालं ते कसं, हे त्यानं लिहून ठेवलं आहे: स्वयंपाकघराला लागून तबेला, पायाखाली माती, प्रवाशांसाठी सगळ्यांना मिळून एकच झोपायची खोली, आणि तोंड धुवायचं तर जेवायच्या टेबलावर, सर्वांसमक्ष.

तिथपासून पांढऱ्या टेबलापर्यंत हे घर आलं ते रस्त्यामुळे आणि रजेमुळे. क्लेर्मों-फेराँच्या आंद्रे आणि एदुआर मिशलिन या टायरवाल्या भावांनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली; १९२६पासून त्यांनी चांगल्या जेवणाला तारा द्यायला सुरुवात केली. १९३६ साली फ्रान्समधल्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. महायुद्धानंतर ती वाढत गेली आणि पॅरिसहून दक्षिणेकडे निघालेली कुटुंबं वाटेतल्या गावांत रात्रीपुरती उतरू लागली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस 'लोजी द फ्रान्स' हा लहान हॉटेलवाल्यांचा संघ उभा राहिला. हिरव्या पाटीवर पिवळी शेकोटी ही त्यांची खूण, आणि दर्जाही शेकोट्यांत मोजायचा: एक, दोन किंवा तीन. हॉटेल मालकानं स्वतः चालवलेलं असावं आणि तिथं त्या भागातलं जेवण मिळावं, ही मुख्य अपेक्षा. श्रीमंत प्रवाशांसाठी १९५४ साली आर्देशमधल्या बे गावच्या 'ला कार्दिनाल'च्या मालकांनी, मार्सेल आणि नेली तिलोई यांनी, वाटेवरची आठ घरं एकत्र आणली आणि त्यातून 'रले ए शातो' ही आज जगभर पसरलेली साखळी झाली. माझं मन मात्र शेकोटीच्या पाटीकडेच ओढलं जातं.

अशा घरात राहण्याची जुनी पद्धत म्हणजे 'दमी-पॉन्सियाँ': रात्रीचं जेवण, खोली आणि सकाळचा नाश्ता, तिन्ही मिळून माणशी एक दर. पूर्वी त्यासाठी बहुतेक ठिकाणी निदान तीन रात्रींची अट असे. स्वयंपाक्याच्या बाजूनं पाहिलं तर ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे. आज रात्री किती पानं हे त्याला सकाळीच ठाऊक असतं. बाजारातून तेवढंच आणायचं, वाया काही जात नाही, म्हणून त्याच पैशात तो चार पदार्थ देऊ शकतो. पाहुण्याला पर्याय दोनच, कधी तेही नाहीत. आपल्या जुन्या खानावळीत जसं 'आज काय आहे?' एवढंच विचारायचं असतं, तसंच. मुक्कामी माणसाचा नॅपकिन रोज धुवायला जात नाही. तो कापडी पाकिटात किंवा कड्यात घालून त्याच्याच जागेवर ठेवतात. अर्धी उरलेली वाइनची बाटली खोलीचा आकडा घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर येते.

जेवण साडेसातच्या सुमारास सुरू होतं. उशीर होणार असेल तर फोन करावा. नऊनंतर पोहोचणाऱ्याला चीज आणि पाव मिळाला तरी कृपाच. खोलीत शिरताना सगळ्या टेबलांना उद्देशून 'मेस्यू-दाम' म्हणायचं. आधी झाकणाच्या मोठ्या भांड्यातून सूप येतं आणि ते भांडं टेबलावरच राहतं, हवं तेवढं घ्या. नैर्ऋत्येकडच्या गावांत म्हातारी माणसं शेवटच्या दोन-चार चमचे सुपात तांबडी वाइन ओततात आणि वाडगं तोंडाला लावतात. या रिवाजाला शाब्रो म्हणतात. मग त्या त्या भागाचं खाणं. सेव्हेनमध्ये चेस्टनट आणि पेलार्दों हे बकरीच्या दुधाचं लहानसं चीज, ओढ्यालगतच्या गावांत ट्राउट, कास्तेलनोदारीकडे मातीच्या पसरट भांड्यात तासन्‌तास शिजलेलं पांढऱ्या घेवड्याचं कासुले, पावसाळी शरदात सेप जातीच्या अळंब्यांचं ऑम्लेट.

ओब्राकमध्ये आलिगो. उकडलेला बटाटा घोटायचा, त्यात साय, लोणी, लसूण, आणि मग मुरायच्या आधीचं 'तोम' हे ताजं चीज पातळ कापून घालायचं. लाकडी मोठ्या पळीनं ते एकाच दिशेनं ओढत राहायचं, खांदे भरून येईपर्यंत. चीज बटाट्यात विरघळून सगळं मिळून एक लांब, चकचकीत पट्टा होतो. पातेलं टेबलापाशी आणतात, वाढणारी बाई पळी डोक्याच्या वर नेते आणि पट्टा तुटत नाही. शेवटी ती तो ताटलीच्या काठावर कापते. थंड झालं की ते गेलं, म्हणून गप्पा थांबवून खावं.

आपल्याकडच्या शाकाहारी प्रवाशानं खोली ठरवतानाच तसं कळवावं, आणि सुपात डुकराची चरबी असते का हेही विचारावं, कारण बहुतेक वेळा असते. आयत्या वेळी सांगितलं तर सॅलड मिळेल. आदल्या दिवशी सांगितलं तर हाच स्वयंपाकी अळंब्या, आलिगो आणि बागेतल्या भाज्या यांचं मनापासून जेवण करतो.

पर्यटकाला दिसते ती संध्याकाळ. घर चालतं ते दुपारवर. बाराच्या ठोक्याला रस्त्याच्या कामावरची माणसं, ट्रकवाले, गुरांचा डॉक्टर येतात; त्यांच्यासाठी ठरावीक दरातलं जेवण असतं, बऱ्याचदा वाइनसकट. रविवारी दुपारी तीन पिढ्यांची कुटुंबं येतात. हिवाळ्यात, वरच्या खोल्या रिकाम्या असताना, बाप्तिस्मा, लग्नं, शिकाऱ्यांच्या मंडळाचं जेवण यांवर शेगडी पेटती राहते. गावानं जे जपलं नाही ते हॉटेल पर्यटकांच्या जिवावर फार वर्षं टिकल्याचं दिसत नाही.

फ्रेंच स्वयंपाकातल्या मोठ्या गोष्टी पुष्कळदा अशाच घरांत झाल्या. लठ्ठ केलेल्या बदकाची छाती पूर्वी खाटिकाकडे आणि घराघरांत बाकीच्या मांसाबरोबर चरबीत शिजवून साठवून ठेवत. गास्कोन्यमधल्या ओश गावच्या 'होतेल द फ्रान्स'मध्ये आंद्रे दागँ यांनी १९५९च्या सुमारास ती बीफसारखी वरून भाजून आत लालसर ठेवून वाढली. आज ती 'माग्रे' या नावानं फ्रान्सभर मिळते. लायोल गावात मिशेल ब्रास आईवडिलांच्या 'लू माझ्युक' या हॉटेलात आईच्या हाताखाली शिकले. १९९२ साली गावाबाहेरच्या टेकडीवर त्यांनी नवं घर बांधलं आणि १९९९ साली त्यांना तिसरा तारा मिळाला. ओब्राकच्या पन्नासेक भाज्या, फुलं आणि पानं एका ताटलीत मांडणारं त्यांचं 'गार्गुयू' जगभरच्या स्वयंपाक्यांनी उचललं. २०१७ साली त्यांचा मुलगा सेबास्तियाँ यानं मिशलिनला आपलं नाव वगळण्याची विनंती केली. ताऱ्यांच्या दडपणाविना स्वयंपाक करायचा होता, एवढंच त्याचं म्हणणं. मला त्यात धैर्य दिसतं.

वारसा हाच इथला नाजूक सांधा. सोफी पिक यांनी १८८९ साली आर्देशच्या उतारावर 'ओबेर्ज द्यु पँ' सुरू केलं. मुलगा आंद्रे यानं १९३४ साली तीन तारे मिळवले आणि घर व्हालाँसला, दक्षिणेकडच्या हमरस्त्यावर आणलं. तारे गेले, नातू जाकनं परत मिळवले, पुन्हा एक गेला, आणि २००७ साली पणती आन-सोफीनं तो परत आणला. अशा साखळ्या फार थोड्या. बहुतेक मुलांनी आईवडिलांना पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उभं पाहिलेलं असतं आणि ती शहरात नोकरी धरतात. त्यात १९७० साली पॅरिस ते मार्सेय मोटाररस्ता अखंड झाला, २००४ साली मियोचा उंच पूल उघडला, आणि वाटेत थांबणारी गाडी वरून निघून जाऊ लागली. २००५च्या अपंगांसाठीच्या कायद्यानं सार्वजनिक इमारतींत सोयी आवश्यक केल्या, आगीपासून बचावाचे नियमही कडक झाले. ते योग्यच होतं, पण अरुंद जिन्याच्या शंभर वर्षं जुन्या घराला लिफ्टचा खर्च झेपेना. काहींनी तग धरण्यासाठी गोठवलेले तयार पदार्थ आणून गरम करायला सुरुवात केली. २०१४ साली सरकारनं कच्च्या मालापासून तिथंच केलेल्या पदार्थांसाठी 'फे मेझाँ' ही खूण आणली, भांड्यावर घराचं छप्पर असलेली. जेवायला बसण्याआधी ती शोधावी.

काही ग्रामपंचायतींनी बंद पडलेल्या हॉटेलची इमारत विकत घेऊन चालवायला जोडपं शोधण्याचा मार्ग धरला आहे, कारण ते बंद झालं की पाव, वर्तमानपत्र आणि बसून बोलायची जागा एकदमच जाते. प्रोव्हान्समध्ये १९९०च्या दशकात सुरू झालेली 'बिस्त्रो द पेई' ही पाटी अशाच, गावातल्या शेवटच्या धंद्यांसाठी आहे.

आणि चालणारे आले आहेत. सांतियागोची जुनी वाट आणि स्टीव्हन्सनची वाट या दोन्ही आता खुणा केलेल्या पायवाटा आहेत. मेपासून सप्टेंबरपर्यंत त्यांवर माणसं असतात. त्यांच्यासाठी दमी-पॉन्सियाँची तीन रात्रींची अट गेली, मुक्काम एकाच रात्रीचा झाला. सामान व्हॅननं पुढच्या गावी जातं, सकाळी सातला नाश्ता आणि बांधलेली शिदोरी लागते, रात्री जेवण सातलाच सुरू करावं लागतं. भूक मात्र त्यांना गाडीतून येणाऱ्यांच्या दुप्पट असते, म्हणून ओब्राकमधल्या घरांत आलिगोचं पातेलं आता दोनदा फिरवतात.